बॅग भरलीय, पाय निघत नाही

पत्र :

सर, नमस्कार. वय 43. पितोय 19 वर्षं, त्यातली शेवटची 6 वर्षं रोज, आणि आता सकाळीही. सकाळी घेतली नाही तर सही करता येत नाही. दोन वर्षांपूर्वी घरच्या घरी एकदम बंद केली होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे चढताना दिसले, रात्रभर चादर झटकत बसलो. पण निभावलं, आणि पुढे सात महिने राहिलो. त्या सात महिन्यांत मुलगी (आता 12 वर्षांची आहे) मला गणितं विचारायला लागली होती. मग एका संध्याकाळी ‘एकच’ म्हणून घेतली. घरी आलो तेव्हा ती वही घेऊन बसलेली. काही बोलली नाही. वही उचलली आणि आत गेली.

आता बायकोने व्यसनमुक्ती केंद्रात बोलून ठेवलंय. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. दोन सोमवार गेले, मी गेलो नाही. एकदा तब्येतीचं कारण सांगितलं, एकदा ऑफिसचं. खरं कारण तुम्हाला सांगतो. मला दारूची भीती वाटत नाही, दारू सोडायची वाटते. सोडल्यावर मी कोण उरेन, चार माणसांत काय बोलेन, कळत नाही. परत पडलो तर कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि ती वही उचलून आत जाणं मला परत बघायचं नाही. त्यापेक्षा तिने माझ्याकडून काही अपेक्षाच ठेवली नाही तर बरं, असं वाटतं. म्हणून आधी ही भीती घालवावी आणि मग जावं, असा विचार आहे. तोवर येत्या सोमवारपर्यंत घरीच बंद करून बघतो. जमलं तर ॲडमिट व्हायची वेळच यायची नाही. बरोबर आहे ना?

– बॅग भरून बसलेला

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं दोन दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. नाही, बरोबर नाही. घरच्या घरी एकदम बंद करून बघू नका.

दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज ब्रेक लागतोय म्हटल्यावर मेंदूही हुशारी करतो, तो ॲक्सिलरेटर दाबून धरायला शिकतो. वर्षानुवर्षं असं चाललेलं असताना एका दिवशी ब्रेक काढून घेतला, तर गाडी उधळणारच. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 12 तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त. आणि भास, बेभान बडबड, ताप, सगळं अंग हादरवणारा कंप, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, तो येतो बहुधा 48 ते 96 तासांच्या दरम्यान. तुमची ती तिसरी रात्र मोजून बघा. त्या रात्री तुम्ही वाचलात, याचा मला फार आनंद आहे. पण उपचार मिळाले नाहीत तर त्या अवस्थेत माणूस दगावतो. आणि दर खेपेला विड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावर होणारा हा त्रास, आधीपेक्षा जड जाण्याकडे कल असतो. मागच्या वेळी निभावलं म्हणून या वेळी निभावेल, हा हिशोब इथे उलटा चालतो.

तेव्हा सोमवारची वाट न बघता उद्या सकाळी केंद्रात फोन करा. तीन गोष्टी स्पष्ट सांगा : रोज नेमकी किती घेता (कमी करून सांगू नका, औषधाचं प्रमाण त्यावरच ठरतं), सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाही, आणि मागच्या वेळी भास झाले होते. लवकर दाखल करून घेता येईल का, ते विचारा. तोवर दारू कशी आणि किती कमी करायची, हे डॉक्टर सांगतील तसंच, स्वतःच्या मनाने नाही. आणि हे उत्तर तुमच्या हातात पडेपर्यंत तुम्ही आधीच बंद केली असेल आणि ताप, भास, गोंधळ किंवा फिट यांपैकी काहीही सुरू झालं असेल, तर वाचन इथेच थांबवा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. रात्र असेल तरी.

फोनवर तुम्हीही त्यांना प्रश्न विचारा. रात्री डॉक्टर उपलब्ध असतो का? विड्रॉवलची औषधं देता का? घरच्यांना भेटू देता का? चांगल्या ठिकाणी पहिले चार-पाच दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधं देतात आणि ती उतरत्या मात्रेने बंद करतात. बी-1 म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो आणि तो वेळेवर भरून काढला नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ‘आम्ही औषध-बिवषध देत नाही, इच्छाशक्तीने सोडवतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून परत फिरा. इच्छाशक्तीने फिट थांबत नाही.

एवढं झालं. आता तुमच्या भीतीकडे येतो.

मी हे सदर लिहायला लागलो त्याच्या पुष्कळ आधी मीही असाच बॅग भरून बसलो होतो. 17 वर्षांहून जास्त झाली त्याला. माझी बॅग पलंगाखाली नव्हती, दाराजवळ होती, आणि मी रोज तिच्यातून एक-एक शर्ट काढून घालायचो. चौथ्या दिवशी ती रिकामी झाली. त्यामुळे तुम्हाला ‘घाबरू नका’ असं मी लिहिणार नाही. त्या वाक्याचा मला कधी काडीचाही उपयोग झाला नाही.

तुम्ही म्हणता, आधी भीती घालवतो आणि मग जातो. ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण भीती येते कुठून ते बघा. पहाटे चार-साडेचारला जाग येते, छाती धडधडत असते, काहीतरी भयंकर होणार आहे असं वाटत असतं, आणि काय होणार ते सांगता येत नाही. बरोबर? हे रात्रीची दारू उतरताना होतं. तेच मघाचं ॲक्सिलरेटर. रात्री घेतलेली दारू पहाटे तुम्हाला घाबरवते, सकाळचा घोट ती भीती दोन तासांसाठी पुसतो आणि दुपारी व्याजासकट परत आणतो. म्हणजे जी भीती ओसरायची तुम्ही वाट बघताय, तीत दारू रोज भर घालते आहे. पीत असताना ती ओसरणार नाही. दारू थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिचा मोठा भाग आपोआप गळून पडतो, आणि जो उरतो तो खरा तुमचा. त्याच्याशी तेव्हा बोलता येतं. क्रम एवढाच आहे : आधी जाणं, मग भीती जाणं. घाबरत घाबरत गेलेली माणसंच मी पाहिली. न घाबरता केंद्राची पायरी चढलेला माणूस मी पाहिला असेन, तर त्याला बहुधा तो कुठे आलाय हेच माहीत नव्हतं.

‘सोडल्यावर मी कोण उरेन?’ यावर मला वाटतं तुम्हाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, म्हणजे ती आली की धसका बसणार नाही. डिटॉक्स, म्हणजे दारू शरीरातून उतरवण्याचे पहिले दिवस, संपल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, सगळं सपक लागतं. गाणं ऐकलं तर गाणं, पाऊस पडला तर पाऊस, त्यापलीकडे काही नाही. झोप तुकड्यातुकड्यांनी येते. लहानसं कुणी बोललं तरी डोळ्यांत पाणी किंवा डोक्यात राग. अशा वेळी माणूस ठरवून टाकतो की हाच तो मी, दारूशिवायचा मी, आणि असं आयुष्य काढण्यापेक्षा पिऊन मेलेलं बरं. मी हे शब्द शेकडो वेळा ऐकलेत आणि स्वतःही म्हटलेत. पण तो तुम्ही नसता. इतकी वर्षं मेंदूला आनंदाचा मोठा डोस बाहेरून मिळत होता, म्हणून त्याने आतली व्यवस्था मंद करून ठेवलेली असते. ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो, मोडलेल्या हाडाला लागतो तसा. बऱ्याच जणांची उदासी तीन-चार आठवड्यांत हलकी होते. तुमची झाली नाही तर ती दारूपेक्षा वेगळी, आधीपासूनची असू शकते, आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना तसं सांगा. ‘सोबर झालो ना, आता कशाला तक्रार’ म्हणून गप्प बसू नका.

चार माणसांत बोलणं जमेल. आधी मला वाटायचं मी पिऊन फार छान बोलतो. सोडल्यावर एका जुन्या मित्राला विचारलं, तो म्हणाला, तू एकच गोष्ट तीनदा सांगायचास. या भीतीवर यापेक्षा जास्त वेळ घालवावा असं मला वाटत नाही. पहिले काही महिने जिथे प्यायला बसतात तिथे जाऊच नका, कारण विचारलं तर ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ हे पूर्ण खरं आणि पुरेसं वाक्य आहे.

तलफेचं मात्र नीट सांगतो. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती भीती प्रत्येकाच्या पोटात असते : क्रेव्हिंग आलं की ते वाढतच जाईल, आणि शेवटी प्यायल्याशिवाय थांबणार नाही. ते तसं नसतं. लाट येते, चढते, फुटते आणि उतरते. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत. ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ वर्षं हेच शिकवलं, की लाटेशी कुस्ती खेळू नका, तिच्यावर स्वार व्हा. ती अंगात कुठे जाणवतेय ते बघत बसा, घशात, जबड्यात, तळहातांत. आपण तिला पूर्ण चढू देण्याआधीच पिऊन टाकत आलो, म्हणून ती उतरते हे आपल्याला कधी कळलंच नाही. मी घड्याळ मनगटावरून काढून समोर ठेवायचो. पहिल्यांदा ठेवलं त्या दिवशी मी पायरीवर बसलो होतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि सेकंदकाटा बघत होतो. 22 मिनिटं. तेविसाव्या मिनिटाला मला फक्त तहान लागली होती, साध्या पाण्याची. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कदाचित हे जमेल.

औषधंही आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन्ही तलफ आणि परत पिण्याचं प्रमाण कमी करायला मदत करतात. कुणाला कोणतं, हे यकृत, मूत्रपिंड आणि चालू औषधं बघून डॉक्टर ठरवतात. तिसरं डायसल्फिराम. त्यावर दारू प्यायली तर माणसाला जोराची रिॲक्शन येते. ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि स्वतःच्या संमतीने घ्यायचं. तुमच्या पत्नी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगतो : कुणीही कितीही सांगितलं तरी असं काही न सांगता त्यांच्या खाण्यात मिसळू नका. माणूस मरू शकतो. आणि विश्वासाचं म्हणाल तर तो नक्कीच मरतो.

आता ‘परत पडलो तर’.

एक खरी गोष्ट सांगतो. मे 1935. अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला एक माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. पाच-सहा महिने सोबर. ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फिसकटलेला, खिशात फारसं काही नाही, आणि लॉबीच्या एका टोकाला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो फोनकडे गेला आणि गावातल्या चर्चना फोन करू लागला, की मला एखादा दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. असं करत त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टरांचे हात थरथरत. ते म्हणाले होते, पंधराच मिनिटं देईन. दोघं सहा तास बोलत बसले.

या दोघांनी मिळून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना सुरू केली, हे तुम्हाला माहीत असेल. पण मधली एक गोष्ट लोक विसरतात. त्या सहा तासांनंतर डॉ. बॉब लगेच सोबर झाले नाहीत. काही आठवड्यांनी ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले, चांगलेच प्यायले. परत आले, बिलने त्यांना सांभाळलं, आणि 10 जून 1935 ला त्यांनी शेवटची दारू घेतली. एएचा स्थापना दिवस म्हणून तीच तारीख मानतात. पहिल्या भेटीची नाही. पडून परत उठलेल्या माणसाच्या शेवटच्या पेल्याची तारीख. पुढे मरेपर्यंत, 1950 पर्यंत, त्यांनी दारूला हात लावला नाही.

हे तुम्हाला पडायची परवानगी म्हणून सांगत नाही. पडणं महाग असतं, कधी जिवावर बेततं. (ज्यांचं व्यसन दारूचं नसून ब्राउन शुगरचं, म्हणजे हेरॉइनचं, किंवा त्या जातीच्या गोळ्यांचं आहे त्यांच्यासाठी हे दुप्पट खरं. थोडे दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्या मात्रेनेच जीव जातो.) पण ते सात महिने फुकट गेले, असा हिशोब तुम्ही मनात मांडला असेल, तर तो चुकीचा आहे. अमेरिकेची राष्ट्रीय मादक द्रव्य संस्था सांगते की व्यसनातून उपचार घेतलेल्यांपैकी साधारण 40 ते 60 टक्के लोक पुन्हा कधीतरी घसरतात, आणि रक्तदाब, दमा यांच्या रुग्णांतही त्रास उलटण्याचं प्रमाण त्याच आसपास आहे. रक्तदाब परत वाढला म्हणून आपण कुणाला तोंड काळं करून जा म्हणत नाही. औषध कुठे चुकलं ते बघतो.

मार्लाटने आणखी एक गोष्ट नेमकी पकडली होती. पहिला पेला माणसाला जितका पाडत नाही, तितकं पेल्यानंतरचं वाक्य पाडतं. ‘गेलंच आता सगळं, मग उरलेली कशाला ठेवायची?’ त्या संध्याकाळी तुम्ही एक घेतली. घरी आलात. मुलगी आत गेली. आणि मग? पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मला वाटतं दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शरमेने प्यायलात. स्लिप एका संध्याकाळची होती, त्यापुढचं जवळपास दीड वर्ष शरमेचं आहे. म्हणून केंद्रात असतानाच, डोकं थाऱ्यावर आलं की, एक कागद लिहून पाकिटात ठेवा : घसरलो तर त्याच रात्री कुणाला फोन करायचा, त्याचा नंबर, आणि सकाळी कुठे जायचं. माझ्या कागदावर दोन नावं होती आणि खाली मोठ्या अक्षरात ‘उद्यावर ढकलू नकोस’. तो कागद मला लागला, एकदा, नवव्या महिन्यात. लाजत लिहितोय, पण लिहितोय. एक घोट होता. रात्री पावणेबाराला मी फोन केला. पलीकडच्या माणसाने ‘का प्यालास’ विचारलं नाही, ‘कुठे आहेस’ विचारलं. 17 वर्षं मी त्या रात्रीपासून मोजतो.

आता वहीबद्दल. इतका वेळ मी तिच्याभोवतीच फिरत होतो, कारण तुमची खरी भीती तिथे आहे असं मला वाटतं.

पिणाऱ्या माणसाकडून घरात कुणी काही मागत नाही. दिवे लागले की नाही, फी भरली की नाही, आजारी माणसाला कोण नेणार, या कशासाठीही त्याला धरत नाहीत. यात अपमान आहे, तो आपल्याला टोचतो. पण यात सोयही असते आणि ती आपण कबूल करत नाही. सोबर झालो की लोक परत मागायला लागतील. विश्वास टाकतील. आणि टाकलेला विश्वास हातातून निसटला तर त्याचा आवाज फार मोठा होतो, हे तुम्ही एकदा ऐकलंय.

माझ्या पाचव्या महिन्यात बायकोने मुलाच्या फीचं पाकीट माझ्या हातात दिलं. ‘जाता जाता भरून ये.’ त्याआधी चार वर्षं घरातले पैसे माझ्यापासून पुस्तकांमागे, चादरींच्या घडीत लपवले जात होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात अडीच मजले उतरलो आणि थांबलो. पाकीट शर्टाच्या आत होतं, छातीला घासत होतं, आणि अशी तलफ आली की मी कठडा धरला. कुणी संशय घेतला असता तर मी तरातरा चालत गेलो असतो. मला तो भरवसा झेपत नव्हता. मी परत वर गेलो आणि म्हणालो, माझ्याबरोबर चल. तिने चपला घातल्या आणि आली. वाटेत आम्ही काहीच बोललो नाही. फी तिच्यासमोर मी भरली. पुढच्या वेळीही ती आली. तिसऱ्या वेळी मी एकटा गेलो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की विश्वास एकरकमी घ्यावा लागत नाही. झेपेल तेवढा घेता येतो. झेपत नाही हे सांगताही येतं, आणि ऐकणाऱ्याला बहुधा ते समजतं.

मुलीने अपेक्षाच ठेवली नाही तर बरं, असं तुम्ही म्हणता. कुटुंबीयांच्या बैठकीत या वयाच्या मुलांना मी बोलताना ऐकलंय. एक मुलगा म्हणाला होता, बाबा जिन्यात दुसऱ्या मजल्यावर असतात तेव्हाच मला कळतं आज प्यायलेत की नाही, पायाच्या आवाजावरून. मग तो दप्तर आवरून ठेवायचा. तुमची मुलगीही रोज ऐकत असणार. ऐकणं म्हणजे अपेक्षाच. तुम्ही बॅग पलंगाखाली ठेवून तिला त्यातून सोडवत नाही, ती रोज संध्याकाळी एकदा आशा धरते आणि एकदा सोडते. तुम्ही आठवण ठेवलीत ती वही उचलून आत जाण्याची. पण त्याआधी तीच मुलगी ती वही घेऊन बाहेर येत होती, सात महिने. दोन्ही तिनेच केलंय.

जाताना तिला शपथ देऊ नका. ‘आता कधीच नाही’, ‘तुझी शपथ’, यातलं काही नको. तिने ते ऐकलेलं आहे, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं. खरं आहे तेवढंच सांगा : मी उपचारांना जातोय, इतके दिवस लागतील, मला भीती वाटतेय, आणि मी पितो यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचं वाक्य तुम्हाला उगाच वाटेल. ते गाळू नका. मुलांना वाटत असतं की आपण गणित जास्त वेळा विचारलं म्हणून, आपण त्या दिवशी चिडलो म्हणून.

परत आल्यावर ती लगेच वही आणणार नाही. कदाचित खूप दिवस आणणार नाही. तिला ‘का गं, आता विचारत नाहीस’ असं विचारू नका, आणि अभ्यास घेऊ का म्हणून मागेही लागू नका. एक लहान काम धरा, जे रोज ठरलेल्या वेळी होईल आणि ज्यासाठी तिने काही करायची गरज नाही. तिच्या सायकलची हवा बघणं, पाण्याची बाटली भरून दाराशी ठेवणं, असं काहीही. ते रोज करा, तिने पाहिलं तरी आणि नाही पाहिलं तरी. तुमच्या पत्नीलाही सांगा की पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळ्या बैठका असतात. बिलच्याच पत्नीने, लोइसने, त्या 1951 मध्ये सुरू करण्यात पुढाकार घेतला. दोन सोमवार जिने तुमची कारणं ऐकून घेतली, तिलाही कुठेतरी बोलायला जागा हवी.

नोकरीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. आजारपणाची रजा काढा, डॉक्टरांचं पत्र घ्या. सकाळी तुमची सही का होत नाही, हे ऑफिसमध्ये बहुधा कळलेलं असतं.

उद्या सकाळी फोन. आज रात्री बॅग पलंगाखालून काढा आणि उघडून बघा, कारण ती दोन आठवड्यांपूर्वी भरलेली आहे आणि तेव्हा तुम्ही भरायची म्हणून भरली असणार. त्यात वाचायचा चष्मा टाका, ढगळ कपडे टाका (पहिले दिवस घाम फार येतो), चालू औषधांच्या चिठ्ठ्या टाका. फोन करताना पत्नीला शेजारी बसवा. बोलता बोलता आवाज गेला तर फोन तिच्याकडे द्या, त्यात काही कमीपणा नाही, माझा फोन माझ्या भावानेच पुरा केला होता. केंद्रात नेताना गाडी तुम्ही चालवू नका.

आणि मला तिसऱ्या आठवड्यात पत्र लिहा. पहिल्यात नको, तेव्हा पेन धरवणार नाही. दुसऱ्यात तुम्हाला वाटेल की सगळं सुटलं, आता घरी जाऊ द्या. तेव्हा कुणी काही म्हणालं तरी पूर्ण मुदत राहा. तिसऱ्यात झोप येत नसेल, सगळं सपक लागत असेल आणि माझा राग येत असेल. तेव्हा लिहा. सही तुमच्या हाताची करा.